पाते निवडावे ते भरकटलेल्या बाणासाठी

सप्टेंबर लागला की रॉकी पर्वतातल्या रानांत माजावर आलेल्या एल्क नरांची शीळ घुमू लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिशिगन, विस्कॉन्सिन, ओहायोकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी झाडाझाडांवर मचाणे लागतात. अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांचा हा हंगाम, आणि त्याच्या तोंडावर त्यांच्यात एक जुना वाद दरवर्षी नव्याने पेटतो: बाणाला ब्रॉडहेड कोणते लावायचे? ब्रॉडहेड म्हणजे मोठ्या जनावराच्या शिकारीसाठीचे धारदार पात्यांचे टोक. त्याची मुख्य घराणी दोन. पक्क्या पात्याच्या ब्रॉडहेडमध्ये दोन, तीन किंवा चार पाती गाभ्याला घट्ट बसवलेली असतात. घडीच्या पात्याच्या ब्रॉडहेडमध्ये, ज्याला तिकडे मेकॅनिकल म्हणतात, पाती उडताना मिटलेली राहतात आणि कातडीला भिडताच उघडतात. दोन्ही बाजूंना जाणती, अनुभवी माणसे आहेत, म्हणून घडीच्या पात्याचा पक्ष इथे त्याच्या सगळ्यात बळकट रूपात बोलू देतो आणि मग उत्तर देतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: पाते निवडताना नेमका बसणारा बाण डोळ्यांपुढे धरू नये, भरकटणारा धरावा. तसा धरला की एल्क किंवा मूससारख्या थोराड जनावरासाठी पक्के, मजबूत आणि वस्तऱ्यासारखे धारदार पातेच हाती उरते.

मराठी वाचक त्याआधीच थांबवून विचारील की जनावर मारायचेच कशाला. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न जवळपास मिटला आहे. तिकडची परिस्थिती वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लाखांवर आलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आज अंदाजे तीन कोटींच्या घरात आहेत, आणि त्यांच्यावर वचक ठेवणारे लांडगे-प्यूमा बहुतेक पूर्व भागातून केव्हाच नाहीसे झाले. राज्यांची वन्यजीव खाती परवान्यांची संख्या ठरवून शिकार चालवतात, आणि त्यांच्या तिजोरीत १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या सामानावरचा कर जातो. १९७०च्या दशकापासून धनुष्यबाणाच्या सामानावरही ११ टक्के कर आहे. शिकार मान्य नसलेल्याने ती अमान्यच ठेवावी, त्याबद्दल माझा वाद नाही. पण बाण सुटणारच असेल तर जनावराचे किती हाल होतात हे पुष्कळसे त्या टोकाच्या १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम, पोलादावर ठरते, आणि म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

बाण मारतो कसा, इथून सुरुवात करायला हवी. हरणाच्या शिकारीच्या रायफलीची गोळी नळीतून निघताना दोन-अडीच हजार फूट-पौंड ऊर्जा घेऊन जाते. आजच्या चांगल्या कंपाउंड, म्हणजे कप्प्यांच्या, धनुष्यातून ४२० ग्रेनचा बाण सेकंदाला २७५ फूट वेगाने सुटला, तर त्याच्याजवळ जेमतेम ७० फूट-पौंड असतात. धक्क्याने जनावर पाडण्याची ताकद त्यात नाही. बाण फक्त कापतो, आणि जनावर रक्त जाऊन पडते. ७० किलोच्या हरणाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातला तिसरा हिस्सा वेगाने गेला की ते कोसळते. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलेला बाण हे काम काही सेकंदांत करतो: रक्त जाते, छातीत हवा शिरून फुप्फुसे मिटतात, आणि हरीण शंभरेक पावलांच्या आत खाली येते. अशा वेळी पाते कोणते होते याला फारसा अर्थ राहत नाही. दोन्ही पक्ष आपापल्या पात्याच्या कौतुकात अशाच शिकारींचे दाखले देतात, आणि म्हणून ते दाखले काहीच सिद्ध करत नाहीत.

इथे प्रतिपक्ष बोलतो, आणि तो रिकाम्या हाताने आलेला नाही. “दाखले नकोत ना? मग आकडे घ्या. मेरिलँडमध्ये पोटोमॅकच्या काठी अमेरिकी नौदलाचा इंडियन हेड नावाचा तळ आहे. तिथे १९८९पासून धनुष्याने होणाऱ्या हरणांच्या शिकारीची काटेकोर नोंद ठेवली गेली. कोणी बाण सोडला, लागला का, हरीण सापडले का, पाते कोणते, सगळे लिहिलेले आहे. पक्क्या पात्याने लागलेल्या १,०६६ हरणांपैकी ८७४ सापडली, म्हणजे ८२ टक्के. घडीच्या पात्याने लागलेल्या २३० पैकी २०९ सापडली, म्हणजे ९१ टक्के. घायाळ होऊन हरवलेल्या जनावराबद्दल तुम्हाला एवढी कळकळ आहे, तर हरवण्याचे प्रमाण निम्म्यावर आणणारे पाते तुम्ही का नाकारता?”

हा या वादातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे, आणि पक्क्या पात्याचे कैवारी तो बहुधा टाळतात. टाळू नये, पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे नीट पाहावे. ही नोंद पांढऱ्या शेपटीच्या हरणाची आहे, एल्कची किंवा मूसची नाही. त्या तळावर शिकारीला जाण्यापूर्वी नेमबाजीची चाचणी द्यावी लागे, म्हणजे बाण सोडणारे हात तयार होते आणि त्यांची हत्यारे जोरकस कंपाउंड धनुष्ये आणि क्रॉसबो होती. शिवाय घडीची पाती बाजारात रुळली ती १९९०च्या दशकात. नोंदींच्या पहिल्या वर्षांतली मंद धनुष्ये आणि नजरेच्या अंदाजाने मोजलेली अंतरे यांचा सारा भार त्यामुळे पक्क्या पात्याच्या खात्यावर जमा झालेला असणार. पुढे अंतर मोजणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आले, धनुष्ये वेगवान झाली, आणि घडीच्या पात्याच्या वाट्याला हीच चांगली वर्षे आली. नऊ टक्क्यांचा सगळा फरक यात विरघळतो असे मी म्हणणार नाही. जोरदार धनुष्य, नाजूक हाडांचे हरीण, वीस-पंचवीस यार्डांचे अंतर आणि तयार हात, एवढे जुळले तर घडीचे पाते चालते, कदाचित सरसही ठरते, हे मी मान्य करतो. या चार अटींपैकी एक निसटली की काय होते, हे मात्र या आकड्यांत नाही.

“अटी निसटतात तेव्हाच तर आमचे पाते कामाला येते,” प्रतिपक्ष म्हणतो. “हरणाच्या कानावर दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोहोचतो. ते दबते, वळते, आणि फुप्फुसांवर धरलेला बाण मागे पोटात जातो. तिथे सव्वा इंचाचे भोक आणि दोन इंचांचे भोक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रुंद पाते एखादी मोठी शीर गाठते, यकृताची कड कापते, जमिनीवर माग सोडते. तुमच्या अरुंद पात्याने तेच हरीण रात्रभर कुठेतरी तडफडत बसेल.”

आवाजाबद्दल तो म्हणतो ते खरे आहे आणि हिशेबात मांडता येते. तीस यार्ड म्हणजे नव्वद फूट. सेकंदाला २७५ फुटांचा बाण तिथे पोहोचायला सुमारे ०.३३ सेकंद घेतो, आवाज ०.०८ सेकंदांत पोहोचतो. मधला पाव सेकंद हरणाचा असतो, आणि पळण्यासाठी पाय दुमडताना त्याचे सगळे अंग खाली जाते. पण यातून काय निघते ते पाहा. अंग खाली जाते म्हणजे बाण वर बसतो: पाठीच्या कण्याकडे, खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या कडेकडे. त्याच वेळी जनावर वळले तर पुढे फऱ्याच्या जाड कण्यावर किंवा बाहूच्या हाडाच्या गाठीवर. भरकटलेला बाण मागेही जातो आणि पुढेही जातो. मागे गेला तर मऊ मांस-आतडी लागतात, आणि तिथे रुंद पाते मदत करते यात शंका नाही. पुढे गेला तर हाड लागते, आणि तिथे रुंद पाते पांगळे होते. प्रतिपक्षाने फक्त मागच्या चुकीचा विचार केला आहे.

आणि मागच्या चुकीवर शिकाऱ्याच्या हाती दुसरा उपाय आहे, पुढच्या चुकीवर नाही. पोटात बाण लागलेले जनावर मागे न लागल्यास बहुधा शे-दोनशे यार्डांवर बसते आणि तिथेच मरते. बाणावर हिरवट चिकट अंश आणि आंबट वास आला की आठ ते बारा तास जनावराच्या मागे न लागता थांबायचे, मग हळू पावलांनी माग काढायचा, हे तिकडच्या शिकारी-शिक्षणाच्या वर्गात पहिल्यापासून शिकवतात. त्या जनावराचे हाल होतात, ते नाकारता येत नाहीत, पण जनावर बहुधा सापडते. फऱ्यावर दोन इंच रुतून थांबलेल्या बाणावर असा उपाय नाही. जनावर बाण घेऊन पळते, माग पन्नास पावलांत आटतो, आणि मग एकतर जखम भरते किंवा कित्येक दिवसांनी पू होऊन ते दूर कुठेतरी मरते.

दोन इंचांच्या भोकाबद्दलही थोडे मोजून पाहू. दोन पात्यांचे, दोन इंच रुंदीचे टोक दोन इंच लांबीची चीर पाडते, सुमारे ५१ मिलिमीटर. सव्वा इंचाहून थोड्या कमी, म्हणजे १⅛ इंच व्यासाच्या तीन पात्यांच्या पक्क्या टोकाचे प्रत्येक पाते मध्यापासून सुमारे १४ मिलिमीटर कापते. तीन मिळून ४३ मिलिमीटर. व्यास जवळपास दुप्पट दिसतो, कापलेली लांबी मात्र पाचव्या हिश्शाने वाढते. रुंद चीर अधिक दूरची शीर गाठते हे खरे, पण तिची किंमत मोठी आहे. पाती उघडायला ऊर्जा लागते, उघडलेली रुंद पाती ओढत न्यायला त्याहून जास्त लागते, आणि ती जाते त्याच ७० फूट-पौंडांतून. तिरक्या लागलेल्या बाणाचे एक पाते आधी उघडले तर टोक बाजूला ढकलले जाते. मचाणावरून सोडलेला बाण अंगात वरून शिरतो. भोक वर असले की रक्त छातीच्या पोकळीतच साचते आणि चरबीने ते भोक बुजतेही. जमिनीवर माग पडतो तो खालच्या, बाहेर पडण्याच्या भोकातून. एक मोठे भोक आणि अडकलेला बाण यापेक्षा दोन मध्यम भोके आणि पलीकडे मातीत रुतलेला बाण मागासाठी केव्हाही चांगले. रक्ताचा माग ही घडीच्या पात्याची सगळ्यात मोठी फुशारकी, आणि ती बाण आरपार गेला तरच खरी ठरते.

या टप्प्यावर डॉ. एड ॲश्बी यांचे काम आणावेच लागते. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात धनुष्याच्या शिकारीला परवानगी द्यावी की नाही हे ठरवण्यासाठी १९८०च्या दशकात चाचण्या झाल्या, आणि ॲश्बी त्यांत होते. पुढे त्यांनी मोठ्या जनावरांवर बाण किती खोल जातो याची वर्षानुवर्षे नोंद केली. बाणाच्या खोल जाण्यावर परिणाम करणाऱ्या बारा गोष्टींची त्यांनी उतरंड लावली. पहिल्या क्रमांकावर त्यांनी वेग ठेवला नाही, वजनही ठेवले नाही. ठेवले ते बाणाच्या आणि टोकाच्या न मोडण्याला. टोक वाकले, पाते तुटले, कांडी फुटली की बाकीच्या अकरा गोष्टी वाया जातात. दुसरा क्रमांक बाणाच्या सरळ उडण्याचा. जड हाड फोडायचे तर बाण ६५० ग्रेनच्या आसपास असावा, टोक लांब आणि अरुंद असावे, आणि धार एकाच बाजूने घासलेली असावी म्हणजे शिरताना टोक फिरते आणि हाड चिरते, हेही त्यांच्याच नोंदींतून पुढे आले.

“आफ्रिकी रेड्याचा नियम विस्कॉन्सिनच्या हरणाला कशाला?” हा आक्षेप प्रतिपक्ष लगेच घेतो, आणि त्याचा हा भाग बरोबर आहे. “६५० ग्रेनचा बाण आमच्या धनुष्यातून सेकंदाला २३० फुटांच्या आसपास सुटेल. तो जास्त वाकून उडतो. अंतराचा अंदाज चुकला की तो जास्त चुकतो, आणि तुम्हाला तर चुकलेल्याच बाणाची काळजी आहे!” मोजून पाहिले तर, हवेचा विरोध बाजूला ठेवून, चाळीस यार्डांचा नेम पंचेचाळीस यार्डांवरच्या जनावरावर धरला असता ४२० ग्रेनचा बाण सुमारे पाच इंच खाली बसतो आणि ६५० ग्रेनचा सुमारे साडेसात इंच. अडीच इंच ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून हरणासाठी ६५० ग्रेनचा हट्ट मी धरणार नाही. ॲश्बींच्या कामातून आकड्यापेक्षा क्रम घ्यावा: आधी न मोडणे, मग सरळ उडणे, मग बाकीचे. त्या क्रमाशी घडीच्या पात्याचे जुळत नाही, कारण त्याच्या सांध्यात, पिनेत आणि लांब, पातळ पात्यात मोडण्याच्या जागा जास्त आहेत. हरणाच्या बरगडीवर हे क्वचितच जाणवते. तीनशे किलोच्या एल्क नराच्या फऱ्यावर किंवा त्याच्या दीडपट-दुप्पट वजनाच्या अलास्कातल्या मूसवर जाणवते.

सरळ उडण्याचा मुद्दा प्रतिपक्षाला आपला वाटतो, कारण मिटलेल्या पात्यांचे टोक सरावाच्या गोल टोकासारखेच उडते, तर पक्की पाती बाणाच्या तोंडाशी छोट्या पंखांसारखी वारा पकडतात आणि बाण बाजूला जातो. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष उलटा आहे. पक्क्या पात्याचा बाण बाजूला जातो तेव्हा बहुधा दोष धनुष्याच्या जुळणीत असतो: दोरी सुटताना बाणाचे शेपूट वर किंवा बाजूला फेकले जाते, कांडीची लवचीकता धनुष्याच्या जोराशी जुळत नाही, किंवा टोक कांडीत किंचित वाकडे बसलेले असते. पक्के पाते तो दोष वीस यार्डांवर उघडा करते. बाणाचा आधार केसभर सरकवा, पिसे किंचित पिळदार लावा, टोक बोटांत गरगर फिरवून त्याची डगमग पाहा, आणि सरावाच्या आणि पक्क्या पात्याच्या टोकांचे बाण एकाच ठिकाणी जाईपर्यंत जुळवत राहा. घडीचे पाते हा दोष उडण्यात लपवते, पण लागताना तो लपत नाही. तिरका उडणारा बाण तिरकाच शिरतो, आणि तिरका धरलेला खिळा हातोडीखाली वाकतो तशी त्याची ताकद कांडी वाकवण्यातच जाते. नेम बसला असे वाटते आणि बाण अर्ध्यातच थांबतो.

धार हा या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि इथे दोन्ही पक्षांनी कान धरून ऐकावे. कॅलिफोर्नियात १९११मध्ये ओरोव्हिलला आलेल्या इशी या याही जमातीच्या माणसाकडून सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाने धनुर्विद्या घेतली. पोपने पुढे १९२३मध्ये आपले पुस्तक लिहिले. त्यात त्याने कातडे आणि यकृत वापरून केलेली एक तुलना दिली आहे: इशीसारखे ज्वालामुखी काचेचे टोक पोलादी टोकापेक्षा खोल गेले. काच मजबूत नव्हे, पण तिची कड पोलादापेक्षा तीक्ष्ण असते. शल्यविशारदाला हे चटकन पटण्यासारखे होते, कारण स्वच्छ कापलेली शीर वाहत राहते, आणि चेचलेली, फाटलेली शीर आकसते आणि रक्त गोठवते. बोथट पात्यापुढे मऊ फुप्फुसाचा पडदा आणि लवचीक शीर बाजूला सरतात, कापल्या जात नाहीत. नवे डबे उघडले की सगळी पाती धारदार असतात असे नाही. ताणलेल्या रबरी पट्टीवर पाते वजन न देता टेकवले तर ती तुटायला हवी; नखावर ठेवले तर न घसरता पकडायला हवे. जाड, अखंड पोलादाचे पक्के पाते निसण्यावर पुन्हा पुन्हा धार घेते. घडीचे पातळ पाते एकदा हाडाला लागले की फेकून द्यायचे असते. सराव केलेलेच टोक धार लावून शिकारीला नेता येणे, हा पक्क्या पात्याचा एक फायदा कुणी फारसा मोजत नाही.

कायदे या वादात मध्यस्थ नाहीत, पण ते किमान रेषा दाखवतात. कोलोरॅडोत टोक निदान ७/८ इंच रुंद आणि दोन पोलादी धारांचे असावे लागते. अलास्कात मूस, एल्क, तपकिरी अस्वल यांसाठी धनुष्याचा जोर हरणापेक्षा दहा पौंडांनी जास्त, ५० पौंड, मागितला जातो. उलट्या काट्यांची टोके बऱ्याच ठिकाणी बाद आहेत, कारण जनावर वाचले तर बाण सुटून पडला पाहिजे. आयडाहो आणि ओरेगॉन या एल्कच्या राज्यांनी तर घडीची पाती कित्येक वर्षे बंदच ठेवली होती. मोठ्या जनावरांसाठीच्या या नियमांमागे एकच विचार दिसतो: जनावर मोठे झाले की आधी टोक आत जाईल याची खात्री करा, रुंदी नंतर.

प्रतिपक्षाचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात गंभीर वाटतो. “ज्याचा हात ७० पौंड ओढतो त्याच्यासाठी हे सगळे ठीक. चाळीस-पंचेचाळीस पौंडांचे धनुष्य ओढणारी मुले-मुली, स्त्रिया, म्हातारे शिकारी यांनी काय करावे? त्यांचा बाण आरपार जाणारच नाही, मग निदान भोक तरी मोठे पाडू द्या.” उलट, इथेच घडीचे पाते सगळ्यात घातक आहे. ज्याच्या बाणाजवळ तीस-चाळीस फूट-पौंडच आहेत, त्याने त्यातला वाटा पाती उघडण्यात आणि दोन इंच रुंदी ओढण्यात घालवला तर उरते काय? अशा धनुष्यासाठी दोन पात्यांचे, रुंदीच्या अडीच-तीन पट लांब, एका बाजूने धार लावलेले पक्के टोक, त्याला पेलेल एवढा जड बाण, आणि अंतराची मर्यादा वीस यार्ड. जनावर बाजूने उभे असेल आणि पुढचा पाय पुढे टाकलेला असेल, तरच बाण सोडावा. तिरके उभे असेल, फरा फुप्फुसांवर आलेला असेल, तर दोरी हळू सैल करून बाण खाली घ्यावा आणि त्याने पाऊल टाकण्याची वाट पाहावी.